यादी क्रॉसिंगला थांबते

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोकणात उतरणाऱ्या कुटुंबाजवळ दोन याद्या असतात: काय न्यायचं आणि काय बघायचं. (तिसरी, नव्या वर्षाच्या संकल्पांची, वाटेत तयार होते. ती पाळायची नसतेच, त्यामुळे तिच्यापासून कुणाला अपाय नाही.) पहिली यादी बाईंच्या अक्षरात असते. तिच्यात सेफ्टी पिना, सुतळी, ओवा, बाम, बॅटरी आणि चकल्यांचा डबा एकाच पंगतीला बसलेले असतात. दुसरी यादी गृहस्थांच्या मोबाइलमध्ये असते आणि तिला वेळा असतात. 9.15 सिंधुदुर्ग किल्ला, 11.40 सोलकढी, 12.05 पुढे प्रस्थान. सोलकढीला पंचवीस मिनिटं मिळाली हेही नशीबच, रॉक गार्डनला तेवढीही नसतात. वर्षअखेरीला अशा याद्यांची टिंगल करायची आणि ‘सोडून द्या सगळं, वाहत जा’ असा उपदेश करायचा, ही हल्लीची रीत. मला ती अर्धीच पटते. पहिली यादी जितकी काटेकोर तितकी चांगली आणि दुसरी जितकी ढिसाळ तितकी चांगली, असं माझं मत आहे. शिवाय पहिली काटेकोर असल्याखेरीज दुसरी ढिसाळ ठेवायची छाती होत नाही.

याचा पहिला पुरावा खुद्द कोकण रेल्वे देते. तिकिटाची खिडकी प्रवासाच्या साठ दिवस आधी, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे उघडते. सकाळी आठच्या ठोक्याला घरातले चार मोबाइल एकदम कामाला लागतात आणि आठ वाजून दोन मिनिटांनी कुटुंबाचं नाव आणखी एका यादीत जाऊन बसतं, वेटिंग लिस्टमध्ये. तिथून नशीब उघडलं तर आरएसी, म्हणजे खिडकीजवळच्या एका बर्थवर अर्धे तुम्ही आणि अर्धा कणकवलीला भाचीच्या साखरपुड्याला निघालेला अनोळखी इसम. गाडी निघते, आणि रोहा ते वीर हा दुहेरी झालेला तुकडा संपला की मार्ग एकेरी होतो. मग एखाद्या चिमुकल्या स्टेशनात ती क्रॉसिंगला थांबते. समोरून कोणती गाडी येते आहे यावर डब्यात तीन मतं पडतात, आणि चौथीच गाडी धडधडत निघून जाते. तोवर चकल्यांचा डबा उघडलेला असतो, भाचीच्या सासरची माहिती हाती आलेली असते आणि गृहस्थ मोबाइलवर 9.15 चं 10.30 करत असतात. रेल्वेला मात्र या थांबण्याचं काहीच वाटत नाही. तिने ते धरलेलंच असतं. वेळापत्रकात शेवटच्या टप्प्यात जादा मिनिटं पेरून ठेवलेली असतात, म्हणून वाटेत तासभर रखडलेली गाडी शेवटी बऱ्यापैकी वेळेवर पोहोचून प्रवाशांना चकित करते. पावसाळ्याचं तर वेळापत्रकच निराळं, त्यात गाड्या मुद्दाम सावकाश धावतात. डोंगर फोडून ही लाइन 1998 साली पुरी करणाऱ्यांना जे कळलं, ते चार दिवसांच्या सहलीचा आराखडा आखणाऱ्याला कळू नये, हे नवल आहे. त्याच्या आराखड्यात लघवीलासुद्धा जादा मिनिट धरलेलं नसतं.

दुसरा पुरावा रात्री जागणाऱ्यांसाठी आहे. कार्तिकापासून सिंधुदुर्गात गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात. प्रत्येक गावाची तिथी वेगळी, आणि ती तारखेने चालणाऱ्या पर्यटकाच्या यादीत सहसा नसते. गाडी चुकीच्या फाट्याला वळली की रस्त्यात खाजाची दुकानं आडवी येतात, तेव्हा कळतं. जत्रेतलं दशावतारी नाटक किती वाजता, असं विचारलं तर उत्तर येतं, ‘पालखी फिरान येवंदे, मगे.’ ते मगे मध्यरात्रीच्याही पलीकडे असू शकतं. पण त्या दशावताराची घडण बघण्यासारखी आहे. देवळाच्या आवारात कुठेतरी पेटारा उघडलेला असतो आणि आरशाचा तुकडा उजेडाला धरून नट स्वतःच रंग लावत असतो. मुकुट, तलवारी, दागिने, स्त्रीपार्टाची लुगडी, सगळं जागच्या जागी, कारण मध्यरात्री त्या गावात मुकुट विकत मिळत नाही. म्हणजे न्यायची यादी पक्की. आणि संवाद? लिहिलेले नसतात. आख्यान कोणतं, कोण राजा आणि कोण राक्षस, एवढं ठरतं. बाकी सगळं रंगमंचावर, समोरच्याने काय टाकलं ते बघून. पेटीवाला आणि पखवाजवालाही त्याच तयारीने बसलेले असतात. ‘वाहत जा’ म्हणणारे नेमका पेटारा विसरतात, आणि गृहस्थ राक्षसाचे संवादही मिनिटांसह घरून लिहून आणतात.

यावर आक्षेप असा, की दशावतारी कंपनीचं आयुष्य त्यातच जातं, आम्हाला रजा चार दिवसांची. एवढ्या लांब येऊन काही बघायचं राहिलं तर? आक्षेप रास्त आहे, फक्त बघायचं म्हणजे काय तेवढं तपासायला हवं. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तीच दहा ठिकाणं त्याच क्रमाने असल्यामुळे 31 डिसेंबरला यादीतली एकच गोष्ट ठरल्या वेळी घडते, सूर्यास्त. आणि तेव्हा निम्मी मंडळी पार्किंगच्या रांगेत असतात. उलट मालवणच्या किनाऱ्यावर सकाळी रापण लागली तर ती कुणाला विचारून लागत नाही. होडीने अर्धवर्तुळात जाळं टाकलेलं असतं, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर दोन रांगा ओढत असतात आणि त्या रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकत येतात. बऱ्याचदा आयत्या वेळी दोराला हात लावणारा पाहुणाही खपून जातो. शेवटी जाळ्याचा पोटाचा भाग वाळूत येतो आणि बांगडे तडफडू लागतात. याला तास लागेल की दोन, ते दर्याच्या मर्जीवर. 9.15 वाला हे अर्ध्यावर सोडून किल्ल्याच्या होडीकडे पळतो, आणि ओहोटी पाहून होडीवालाही म्हणतो, थांबा जरा.

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा. आजोबांची साखर, आजींचे गुडघे, धाकट्याला गाडी लागणं, हे देवावर कसं सोडायचं? सोडायचंच नाही. ते पहिल्या यादीत येतं: गोळ्या दोन डब्यांत, जेवण वेळेवर, पिशव्या हाताशी. एवढं झालं की आजोबा कुठल्याही क्रॉसिंगला थांबायला तयार असतात. नाहीतरी घाई त्यांना नसते, त्यांच्या मुलाला असते.

तिसरा आक्षेप सगळ्यांत खरा आहे: अनपेक्षित म्हणजे बहुधा कटकटच. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे, आणि माणगावात तीन तास अडकलेल्या माणसाला जीवनाचा कोणताही साक्षात्कार होत नाही. त्याला फक्त पाय मोकळे करायचे असतात. कोंडीचं कौतुक लिहिणाऱ्याला त्या कोंडीत मुलाबाळांसह बसवावं. तेव्हा आडवं आलेलं सगळंच गोड मानून घ्या, असं माझं म्हणणं नाही. आलं तर ओळखता यावं इतकी फट यादीत असावी, एवढंच. अशा फटीचं जुनं उदाहरण गोडसे भटजींचं. ते पेणजवळच्या वरसईहून निघाले ते मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळवून घरचं कर्ज फेडायला. साल होतं 1857. महूपाशी बंडाची वार्ता कानावर आली, पुढे झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहिला, लुटले गेले आणि घरी आले ते गंगेची कावड घेऊन. कर्जाच्या दृष्टीने प्रवास साफ फसला. पण त्यांचं ‘माझा प्रवास’ हे पुस्तक 1907 साली छापून आलं ते या फसण्यामुळेच. ठरल्याप्रमाणे यज्ञ करून परतले असते तर ते छापणाऱ्या चिं. वि. वैद्यांच्या हाती फार तर दक्षिणेचा हिशेब लागला असता, आणि तो त्यांनी छापला नसता.