जहाजाचे तोंड कुणीकडे?

निपाणी ते बेळगाव या पट्ट्यात चहाच्या टपरीवर खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढणारा निर्यातदार सगळ्यांच्या ओळखीचा आहे. कार्ड जाड, कडा सोनेरी, कोपऱ्यात पृथ्वीचा गोल आणि मधोमध जहाज. खाली 'कडधान्य, इम्पोर्ट-एक्स्पोर्ट' आणि मुख्य कार्यालयाचा पत्ता: तंबाखूच्या जुन्या वखारीचा माडीवरचा भाग. कर्नाटकात पाट्यांवर ६० टक्के जागा कन्नडला द्यावी, असा कायदा २०२४ साली झाला. तो कार्डांना लागू नाही, म्हणून तिथे मराठी, कन्नड आणि इंग्रजी गुण्यागोविंदाने नांदतात. सीमाभागात एवढी सलोख्याची जागा दुसरी सापडणे कठीण.

कार्ड छापण्याआधी एकच विधी असतो. ५०० रुपये भरले की घरबसल्या दहा अंकी आयात-निर्यात कोड मिळतो. हल्ली तो म्हणजे आपलाच पॅन. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये माहिती अद्ययावत करावी लागते, नाहीतर कोड बंद पडतो. सोसायटीचे हप्ते चुकतात, पण हे काम मंडळी चुकवत नाहीत. कोड जिवंत राहतो, निर्यात झाली नाही तरी.

मग शिबिरे होतात. 'सीमाभागातील कडधान्य निर्यातीचा बदलता कल' असला काहीतरी विषय, पडद्यावर वर चढत जाणारा बाण, आणि पुन्हा जहाज. अशा एका शिबिरात येळ्ळूरच्या एका म्हाताऱ्याने मागच्या रांगेतून विचारले, "बोटीत मसूर चढवायचा कुठं गा? वेदगंगंत?" सूत्रसंचालकाने चहापानाची सुट्टी जाहीर केली.

प्रश्न रास्त होता, पण खरी मेख जहाजाच्या तोंडात आहे. कार्डावर ते नेहमी बाहेर निघालेले असते. प्रत्यक्षात २०२२-२३ साली देशातून पावणेआठ लाख टनांच्या आसपास कडधान्ये बाहेर गेली, बांगलादेश, चीन, अमिरातीकडे. आणि २०२४-२५ मध्ये आत आली सत्तर लाख टनांच्या वर. कॅनडा-ऑस्ट्रेलियाचा मसूर, म्यानमारचा उडीद, मोझांबिक-टांझानियाची तूर, रशिया-कॅनडाचा पिवळा वाटाणा. जगात सर्वांत जास्त डाळ पिकवणारा, सर्वांत जास्त खाणारा आणि सर्वांत जास्त विकत घेणारा देश एकच आहे. म्हणजे कार्डावरच्या चित्रात तसे खोटे काही नाही. जहाज आहे, समुद्र आहे, माल आहे. फक्त छापखान्यात ठसा उलटा बसला आहे. तो सुलटा केला तर जहाज निपाणीच्या दिशेने येताना दिसेल, आणि मग कार्डाखाली 'एक्स्पोर्ट' हा शब्द ठेवायचा की खोडायचा, डेकवर उभ्या माणसाने हात कुणाला दाखवायचा, धूर कुठल्या बाजूला सोडायचा, असे गंभीर प्रश्न उभे राहतील. एखाद्या शिबिराने खरे तर यावरच एक सत्र ठेवावे.

थट्टा इथवर ठीक. पण ज्यांना खरोखर माल बाहेर पाठवायचा होता, त्यांचे काय झाले? जून २००६ मध्ये कडधान्यांच्या निर्यातीवर बंदी आली. काही महिन्यांपुरती म्हणून आलेली ही पाहुणी मुदत वाढवत वाढवत अकरा वर्षे मुक्काम ठोकून राहिली. काबुली हरभऱ्यासारख्या एखाददुसऱ्या लाडक्याला तेवढी सूट. २०१५ साली तूरडाळ २०० रुपये किलो झाली तेव्हा शेतकऱ्याला सांगितले, तूर लावा. त्याने लावली. २०१६-१७ मध्ये तूर एवढी पिकली की ५,०५० रुपयांचा हमीभाव दिवास्वप्न ठरला, आणि बाजार समितीच्या दारात ट्रॅक्टर रांगेत उभे राहिले. तेव्हा निर्यात बंदच. तुरीचा दरवाजा उघडला सप्टेंबर २०१७ मध्ये आणि सगळ्या कडधान्यांचा नोव्हेंबरमध्ये. तोवर अथणी-रायबागच्या शेतकऱ्याने तूर मिळेल त्या भावाला विकून पुढचा खरीपही पेरला होता. आणि याच काळात, जुलै २०१६ मध्ये, मोझांबिकशी करार झाला होता: तिथल्या शेतकऱ्याकडून पहिल्या वर्षी एक लाख टन आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन लाख टन कडधान्य घेऊ. ऑगस्ट २०१७ मध्ये तुरीच्या आयातीवर मर्यादा आली, तीही हा करार वगळून. मोझांबिकच्या शेतकऱ्याला पाच वर्षांची लेखी हमी. अथणीच्या शेतकऱ्याला पुढच्या महिन्यात काय होणार, याचीही नाही. त्याने अर्ज करायचा तरी कुठे, मापुटोला?

पिवळ्या वाटाण्याचे तेच. डिसेंबर २०२३ मध्ये तो बिनशुल्क आत सोडला, तो पुढे जवळजवळ दोन वर्षे येतच राहिला आणि हरभऱ्याचा भाव खात राहिला. ३० टक्के शुल्क लागले १ नोव्हेंबर २०२५ ला. सौंदत्ती-रामदुर्गकडचे दोन हंगाम त्याआधीच निकालात निघाले होते.

राहिला बेळगावचा मसूर. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या काळ्या शिवारात भात निघाले की जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर येणारे हे पीक. दाणा बारीक, काळपट, शिजल्यावर चवीला असा की कॅनडाचा मसूर त्याच्यापुढे नुसताच लाल. मसूर म्हटले की मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहार. दक्षिणेत असा तुकडा दुर्मिळ. एखाद्या शहाण्या देशाने त्याला जपले असते. इथे त्याच पिकाऊ पट्ट्यातून हलगा-मच्छे बायपास आला, शेतकरी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसले, आणि उरलेल्या शिवारात आता पांढऱ्या चुन्याच्या रेघा आणि प्लॉटचे फलक उगवतात. मसूर तीन महिन्यांत येतो, प्लॉट एका रात्रीत. ज्या मातीत मसूर होतो तीच गिऱ्हाइकाला विकून झाल्यावर कशाची निर्यात मोजणार आहेत, हे विचारायला शिबिरात वेळ नसतो. जेवणाची वेळ झालेली असते, आणि ताटात आमटी बहुधा आयात डाळीचीच.

येळ्ळूरच्या त्या म्हाताऱ्याला यंदा दोन पोती मसूर झाला. एक घरी ठेवले, दुसरे कागलला लेकीकडे निघाले. सीमेवरचा कोगनोळीचा नाका यायच्या आत कंडक्टरने त्याचे लगेजचे तिकीट फाडले.