फसणाऱ्या मुलांची थोरवी

व्हॉट्सअ‍ॅपवर फसलेल्या विद्यार्थ्याला आपण वेंधळा म्हणून मोकळे होतो. मला तो गुणी वाटतो, आणि हे मी मनापासून लिहितो आहे.

रात्रीचे नऊ. वसतिगृहाच्या मेसमध्ये एक मुलगा जेवतोय, डाव्या हातात फोन. वर्गमित्राचा मेसेज येतो : ‘अरे, माझा सहा आकडी कोड चुकून तुझ्या नंबरवर आलाय. पाठव ना पटकन.’ डीपी मित्राचा, नाव मित्राचं, ‘अरे’सुद्धा त्याचाच. कोडसोबत ‘कुणालाही देऊ नका’ असं लिहिलेलं असतं. पण मित्र म्हणजे काय ‘कुणीही’? घास ताटात तसाच ठेवून तो कोड पाठवतो. मित्राचं खातं दुपारीच चोरीला गेलेलं, आणि हा कोड म्हणजे याच्याच खात्याची किल्ली. थोड्या वेळात त्याच्या नावाने मावशीकडे पाच हजार मागितले जातात. मावशी पाठवते. भाच्याला ‘कशाला’ असं विचारायची तिची रीत नाही.

मित्राने मागावं आणि आपण द्यावं, यावरच तर वसतिगृह चालतं. नोट्स, चार्जर, महिनाअखेरीचे दोनशे रुपये.

शिष्यवृत्तीचंही तसंच. महाडीबीटीवर अर्ज भरून पैशांची वाट पाहत बसलेल्या मुलीला ‘आज शेवटची तारीख, खाते पडताळा’ असा मेसेज आला, तर ती लिंक उघडणारच. शेवटच्या तारखेची धास्ती तिला आपणच घातली. कॉलेजची खरी सूचनाही कितीदा अशीच येते : ग्रुपवर, सही-शिक्क्याविना, कुठल्याशा लिंकसकट, ‘तातडीचे’ म्हणून. ती न उघडणाऱ्याला आपण बेजबाबदार म्हणतो. मग उघडणारी मूर्ख कशी?

भामट्याला या मुलांचा मूर्खपणा सापडलेला नाही. सापडलंय ते वळण, आपणच कौतुकाने लावलेलं.

तेव्हा कॉलेजांनी आधी स्वतःच्या सूचना एकाच ठरलेल्या जागी द्याव्यात. मुलांनो, कोड मागणाऱ्या मित्राला फोन करून त्याचा आवाज ऐका, व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप पिन लावा, आणि यूपीआयवर पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे पक्कं धरा. आणि आईबाबांनो, पोरगं रडत सांगायला आलं तर हसू नका, ओरडू नका. त्या भीतीनेच मुलं दोन-दोन दिवस गप्प राहतात, आणि तेवढ्यात पैसे चार खात्यांतून फिरून नाहीसे होतात. आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.