प्रोग्रॅमिंगचे प्रॅक्टिकल कसे तपासावे?

(नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांसाठी)

साहित्य : लाल पेन, साठ जर्नलांचा गठ्ठा, चहा. कॉम्प्युटर ऐच्छिक.

१. आधी इंडेक्स पाहावा. मग समास. मग डाव्या कोऱ्या पानावर आउटपुट पेन्सिलीने काढले आहे ना, ते. प्रोग्रॅम चालतो का, हा प्रश्न उरलाच तर पुढच्या सत्रात.

२. 'व्हॉइड मेन' दिसताच समाधानाने मान डोलवावी. १९८९च्या प्रमाण सीनुसार मेन 'इंट' असतो, असे एखादी मुलगी म्हणालीच, तर 'सिलॅबसमध्ये आहे का?' असे विचारावे. ती पुन्हा बोलत नाही.

३. फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम ५ देऊन तपासावा. १२० आले की सही. चुकूनही ८ देऊ नये. टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर इंट ३२,७६७च्या पुढे जात नाही, त्यामुळे ४०,३२०च्या जागी उणे २५,२१६ उगवते आणि मग कारण आपल्याला सांगावे लागते.

४. साठही प्रोग्रॅम सारखेच निघाले तर दचकू नये. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना अ‍ॅलेक्स एकेन यांनी १९९४ साली 'मॉस' हे सॉफ्टवेअर तयार केले. व्हेरिएबलची नावे बदलून उतरवलेला कोडही ते पकडते. आपल्याला त्याची गरज नाही. तो प्रोग्रॅम फळ्यावर आपणच लिहून दिला होता.

५. शेरा एकच : 'सुधारणा हवी'. कुठे, कशात, हे लिहू नये. अमेरिकेतल्या रेन्सेलर संस्थेत १९६०मध्येच जॅक हॉलिंग्सवर्थ यांनी पंचकार्डांवरचे विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम मशीनकडून तपासून घेतले. मशीनला तपशिलात शिरावेच लागते; त्याच्याकडे लाल पेन नसते.

६. ओरलला 'पॉइंटर म्हणजे काय?' असे विचारावे. व्याख्या घडाघडा म्हटली की पंचवीसपैकी बावीस. 'मग इथे तो का वापरलास?' असे विचारू नये. मुलगा गप्प होतो, एक्स्टर्नल सर आपल्याकडे बघतात आणि चहा निवतो.

जाता जाता : ओळीच्या शेवटी सेमीकोलन राहिला, तर टर्बो सीचा कंपायलर बहुधा पुढच्या ओळीवर बोट ठेवतो. ती ओळ बिचारी बरोबर असते. चूक तिच्या वर असते. निकालाच्या दिवशी नापासांची यादी वाचताना हे आठवू नये.