माठावरचे नवाब

शेजारच्या वकीलसाहेबांच्या मते दिवसा फुलावर बसतं ते फुलपाखरू आणि रात्री दिव्यावर आपटतो तो पतंग. यावर अपील नाही. पण पाऊस ओसरला की आमच्या गोमतीनगरच्या गच्चीतल्या झिनियावर एक जण भरदुपारी येतो आणि रात्री जिन्यातल्या दिव्यावरही हजर. दोन्ही पाळ्या करणारा असा इसम लखनौत विरळाच.

त्याची ओळख पटवायला मी बसलो. अख्ख्या रागसंगीताला दहा थाटांत बसवणाऱ्या भातखंड्यांचं मॅरिस कॉलेज 1926 साली याच गावात उघडलं. तेव्हा एक पतंग थाटात बसवणं मराठी माणसाला जड का जावं? आधी मिशा पाहिल्या. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते, याच्या सरळ दोऱ्यासारख्या. म्हणजे पतंगच. पंख पसरून जेमतेम दोन-सव्वादोन सेंटिमीटर, रंग तपकिरी. पुढच्या पंखावरचा पांढरा पट्टा मागच्या पंखावर असा सलग उतरलेला, की कुणी फूटपट्टी धरून आखला असावा. टोकाकडे आणखी एक तुटका पट्टा, पोटावर पांढरी वलयं. एवढं दिसेपर्यंत मोबाइल जवळ गेला आणि स्वारी पानाखाली उलटी लटकली. मीही मान खाली घालून उलटा झालो. समोरच्या गच्चीवरच्या काकूंनी पोरांना आत बोलावून घेतलं.

नाव निघालं स्पोलाडिया रिकर्व्हालिस. 1775 साली आसफ-उद-दौला फैजाबादहून राजधानी लखनौला आणत होते, त्याच वर्षी डेन्मार्कच्या फाब्रिशियसने याची शास्त्राच्या दप्तरी नोंद केली. घराणं जुनं आहे! वकीलसाहेबही जरा नमले.

घराण्याची पुढची माहिती मात्र मी हळू आवाजात वाचली. फुलातला मध पितात ते वडीलधारे. पोराबाळांना लागतो पालक, बीट आणि माठ. हिने तिकडे कुंडीतल्या माठाची गुंडाळलेली पानं उलगडायला सुरुवात केलीच होती. रेशमाने शिवलेल्या एकेका पानात हिरवी अळी, आणि पानाची नुसती जाळी.

"सापडलं ना नाव? मग आता पोरं वेचा," ही म्हणाली.

"बच्चे हैं, खाने दीजिए," वकीलसाहेबांनी रदबदली केली.

हिने चिमटा पुढे केला. मी तो अदबीने वकीलसाहेबांच्या हातात दिला आणि म्हणालो, "पहले आप."