पोच घेतलीस का?

वाशी घ्या, नेरूळ घ्या, कुठलाही सेक्टर घ्या, हे काका तिथे असतातच. अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट, काखेत रेक्झिनची फाईल आणि खिशावर जांभळा डाग. इतरांच्या खिशात पेन गळतं. काकांच्या खिशात शिक्क्याच्या पॅडची शाई असते, लहानशा बाटलीत. कारण खिडकीपलीकडचा माणूस हमखास म्हणतो, "पॅड वाळलंय, पोच उद्या न्या." काका बाटली काढतात, चार थेंब पॅडवर सोडतात, कागदाच्या कपट्याने पसरवतात आणि म्हणतात, "हं, मारा." तारखेच्या शिक्क्यातला महिना मागेच अडकलेला असला, तर तो रबरी पट्टा टाचणीने पुढे सरकवूनही देतात. इतकी सेवा झाल्यावर समोरच्याला नाही म्हणायला तोंड राहत नाही.

अर्जाचं पुढे काय झालं, हा काकांच्या लेखी दुय्यम प्रश्न. "अर्ज काय, कोणीही करतं रे. पोच घेतलीस का?" लिफ्टमध्ये भेटले तरी हेच. मी मुलाच्या शाळाप्रवेशाबद्दल बोलत असतो, डॉक्टरांबद्दल बोलत असतो, एकदा तर सासऱ्यांच्या तेराव्याबद्दल बोलत होतो. भटजींना दक्षिणा आधीच दिली म्हटल्यावर काका गंभीर झाले. पुढचं वाक्य तुम्हाला ठाऊक आहेच.

मी सोसायटीचा सचिव झालो (कोणी होत नव्हतं म्हणून, सचिव असेच होतात) आणि माझी रविवारची सकाळ संपली. डक्टमधला पाइप गळतोय हे सांगायला काका दोन मजले उतरून आले, थेट स्वयंपाकघरात. मी पोहे खात होतो. "काका, कळलं. उद्या प्लंबर बोलावतो." त्यांनी दोन प्रती समोर ठेवल्या. म्हटलं, हात खरकटे आहेत. "अंगठा चालेल." दुसऱ्या प्रतीवर माझा हळदीचा अंगठा उमटला. काकांनी तो उजेडात धरून पाहिला, फुंकर मारून वाळवला आणि म्हणाले, "तारीख?"

मुलीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला निघाले तेव्हा वही बरोबर. पत्रिका द्यायची आणि सही घ्यायची. अर्ध्या सेक्टरला वाटलं, आहेराची आगाऊ नोंद चाललीय. दोघांनी सहीपुढे पाचशे एक लिहूनही टाकलं. मी आमच्या मुंजीची पत्रिका द्यायला गेलो, तर त्यांनी ती वाचून कोपऱ्यात 'मिळाली' असं लिहिलं, सही केली आणि मलाच परत दिली. मुहूर्त किती वाजताचा हे विचारायला मग दुपारी फोन.

काकूंचं म्हणणं वेगळंच आहे. "जगाकडून पोच मागत फिरतात. पण चहाचा कप पुढ्यात ठेवला, तर साधं 'हं' म्हणतील तर शपथ!"

या रोगाचं मूळ जुनं आहे. 1970 साली सिडको स्थापन झाली, 1973 साली खाडीवर पूल झाला आणि त्यानंतर केव्हातरी काका गिरगावातल्या चाळीतून वाशीला आले. रेल्वे यायला 1992 उजाडलं; तोवर मानखुर्दला उतरायचं आणि बसने खाडी ओलांडायची. महापालिकाही त्याच साली आली. गिरगावात दूधवाला, वाणी, गणपती, भांडणं, सगळं आधीपासून होतं. इथे पत्त्यातसुद्धा आळी नाही, गल्ली नाही. सेक्टर, टाइप आणि आकडा. जे काही हवं ते मागून आणायचं होतं. बसथांबा, रॉकेलचं दुकान, टपालपेटी, बागेतला झोपाळा. एकेक अर्ज, एकेक पोच. आज आपण ज्या थांब्यावर बसला शिव्या देतो, त्या थांब्याचा कागद काकांच्या माळ्यावर आहे. कार्बन कॉपी, निळी.

2005 साली माहिती अधिकार आला तेव्हा काकांनी दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टँपांचा साठा केला. पण खरी दिवाळी 2015 ची. लोकसेवा हक्क कायद्यात अर्जाची पोच दिलीच पाहिजे असं लिहिलंय, हे वाचून त्यांनी पेढे वाटले. कायदा अधिसूचित सेवांपुरताच आहे, असं मी म्हणालो. त्यांनी माझा पेढा जवळजवळ परत घेतला.

त्यांची सगळ्यात गाजलेली लढाई कोपऱ्यावरच्या दिव्याची. दिवा होता, पेटायचाही, पण सोनमोहोराच्या फांदीत. उजेड सगळा कावळ्यांना. दिव्याचं टेबल म्हणालं, फांदी काढा, मग बघू. झाडांचं टेबल म्हणालं, फांदीला परवानगी लागते, तुम्ही दिवाच सरकवून का घेत नाही? काका दोन टेबलांमध्ये दोन पावसाळे चालले, प्रत्येक फेरीला शिक्का घेऊन. शेवटी फांदी छाटली गेली, बहुधा त्यांना टाळण्यासाठीच. कोपरा उजळला. दुसऱ्या दिवशी काका आभाराचं पत्र घेऊन हजर. अर्थात दोन प्रती. आवक नोंदवहीत आभारासाठी रकाना नव्हता. लिपिक बराच वेळ पेन चावत बसला आणि त्याने ते 'तक्रार' म्हणून चढवलं. पंधरा दिवसांनी रीतसर उत्तर आलं, की आपल्या तक्रारीची दखल घेण्यात आली असून पुन्हा असे घडणार नाही.

आता खिडकीवर कागद चिकटवलाय, तक्रारी ॲपवरच करा. नातीने काकांना ॲप शिकवलं. रात्री खचलेल्या पदपथाची तक्रार टाकली, क्षणात क्रमांक आला. काकांनी फोन उलटा करून पाहिला. सही नाही, शिक्का नाही, समोर माणूसच नाही, ज्याच्या डोळ्यात बघून 'कधी होईल हो?' विचारावं. तीन दिवसांनी संदेश : तक्रारीचे निराकरण झाले आहे. खाली पुराव्याचा फोटो, कुठल्याशा भलत्याच सेक्टरच्या पदपथाचा. पदपथ मात्र देखणा होता. काकांनी फोटोची झेरॉक्स काढून फाईलला लावली.

मग पुनर्विकास आला. प्लास्टर पडतच होतं. सभेला बिल्डरचा माणूस चकचकीत पुस्तिका घेऊन आला. क्लबहाउस, पोहण्याचा तलाव, पोडियमवर बाग. टाळ्या. काकांनी पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर तो बोलला तेवढं सगळं लिहून काढलं आणि पुढे केलं. "सही करा." तो हसला. काका हसले नाहीत. सही झाली नाही, आणि करारात कारपेट एरिया किती हे आम्ही सगळ्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचलं.

आणखी एक सांगायलाच हवं, मनात नसलं तरी. पहिल्या मजल्यावरच्या मावशींचं नामनिर्देशन सोसायटीच्या दप्तरात सापडेना. ते दप्तर 26 जुलै 2005 च्या पुरात तळमजल्यावर भिजलं होतं. पुतणे घिरट्या घालू लागले होते. मावशींच्या यजमानांना काकांनी कधीकाळी हाताला धरून सोसायटीच्या कचेरीत नेलं होतं. पोचेची प्रत काकांच्या माळ्यावर निघाली, पुतणे गेले. मावशींनी हात जोडले. काका म्हणाले, "माझं काय, तुमच्या यजमानांनी पोच घेतली म्हणून." आणि निघाले, चहासुद्धा न घेता.

सध्या सगळे भाड्याच्या घरांत विखुरलेत. काका सीवूड्सला. फायली रद्दीवाल्याने मागितल्या होत्या, पण काकांनी टेंपो केला. आम्ही काहीजण जवळच राहतो, त्याच कोपऱ्यावरून जातो. परवा तो दिवा गेला. ग्रुपवर फोटो पडले. रागाचे चेहरे, जोडलेले हात, 'कोणीतरी बघा रे' आणि मध्येच कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक. आठवड्याने मी काकांना फोन केला.

"अर्ज केलास?"

"ग्रुपवर टाकलंय काका. सातशे लोक आहेत."

"पोच?"

"दोन निळ्या टिका आल्यात."

पलीकडे काका इतका वेळ गप्प राहिले, की मला वाटलं, फोन कटला. मग म्हणाले, "उद्या अकराला खिडकीपाशी ये. दोन प्रती आण. शाई मी घेऊन येतो."