हिशेबी अंतराळवीर

अंतराळकथा वाचणाऱ्यांत एक जात अशी असते, की तिला गोष्टीपेक्षा गणिताची भूक जास्त. आमच्या सोसायटीतले काका हे या जातीचे बिनीचे शिलेदार. पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’वर पोसलेले. लोक कादंबरी घेऊन आडवे होतात; काका पेन्सिल, कॅल्क्युलेटर आणि जुनी डायरी घेऊन ताठ बसतात.

सध्या दैवत कादंबरीकार अँडी विअर. ‘द मार्शियन’मधला मार्क वॉटनी मंगळावर एकटा अडकतो आणि बटाटे पिकवून जगतो, एवढं तुम्हाआम्हाला पुरतं. काकांना नाही. ‘‘बटाट्यांना पाणी कुठून आणलं, सांग,’’ अशी ते जिन्यातच तोंडी परीक्षा घेतात. आपण गप्प. मग हायड्राझीनमधून हायड्रोजन कसा सुटतो आणि तो जाळला की पाणी कसं होतं, ते उभ्याउभ्या ऐकायचं. मंगळावर वजन ३८ टक्केच भरतं म्हणे. पण जिन्यात पृथ्वीचा कायदा चालतो आणि हातातली भाजीची पिशवी जड होत जाते.

चूक सापडली की काकांना भरतं येतं. ज्या वादळामुळे वॉटनी मागे राहतो, तसं वादळ मंगळावर होऊच शकत नाही. तिथल्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी; तो वारा यान काय कलंडवणार! विअरने हे स्वतःच मान्य केलंय, हे काका अशा थाटात सांगतात, की कबुलीजबाब यांनीच नोंदवून घेतला असावा.

२०२१ साली विअरचीच ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ आली आणि काकूंची शांतता गेली. त्यातला विज्ञानशिक्षक स्मृती हरवून जागा होतो, वस्तू खाली पाडून वेळ मोजतो, गुरुत्वाकर्षण दीडपट भरतं आणि आपण पृथ्वीवर नाही हे त्याला उमगतं. काकांनी लगेच पंख्याच्या हुकाला एक मीटर दोरीने कुलूप टांगलं. १० हेलकाव्यांना २० सेकंद. ‘‘बरोबर आलं!’’ काका ओरडले. ‘‘म्हणजे आपण पृथ्वीवरच आहोत ना?’’ आतून काकू म्हणाल्या, ‘‘मग दूध उतू चाललंय, ते बघा.’’

पुढे रॉकी भेटतो. परग्रहावरचा, डोळे नसलेला, आवाजावरून जग ओळखणारा. आणि मुख्य म्हणजे इंजिनिअर. तिथे काका विरघळले. शेवटच्या पानांवर डोळे भरून आले, ते त्यांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनवर ढकललं.

या कादंबऱ्यांत शिव्या घालायला खलनायक नसतो. वैरी म्हणजे अंतर, थंडी आणि संपत आलेला साठा. उन्हाळ्यात सोसायटीचं पाणी तुटलं, तेव्हा मीटिंगमध्ये सगळे खलनायक शोधत होते. काका टेप घेऊन टाकीवर चढले. साठा किती, माणसं किती, गळती किती, याचा हिशेब मांडला. अर्धवट मिटलेला व्हॉल्व्ह शोधला आणि कुणालाही दोष न देता खाली उतरले.

‘होईल सगळं ठीक’ म्हणून कुशीवर वळणं म्हणजे आशावाद नव्हे, ती झोप. आधी बेरीज-वजाबाकी आणि मगच आशा, हा काकांचा क्रम आहे आणि तोच खरा. तेव्हा असे काका जिन्यात दिसले तर खुशाल लिफ्ट धरा. पण सोसायटीच्या कमिटीवर असा एक तरी माणूस निवडून द्याच.