‘ळ’ला नारळ

आमच्या एका उत्साही भाच्याने, महाराष्ट्रात चित्रित झालेल्या माझ्या आवडत्या दहा चित्रपटांची यादी पंधरा दिवसांच्या आत सादर करावी असा तगादा लावला असून सोबत एक छापील तक्ताही धाडला आहे. तक्त्यात रकाने तीन : चित्रपटाचे नाव, चित्रीकरणाचे स्थळ आणि कथेतील स्थळ. पहिले दोन मी एका बैठकीत भरले. तिसऱ्यापाशी लेखणी जी अडली ती अद्याप अडलेलीच आहे, कारण दहापैकी पाच चित्रपटांपुढे दुसऱ्या रकान्यात ‘वाई, जिल्हा सातारा’ असे आले आणि तिसऱ्यात वाई काही केल्या येईना.

१९९७ च्या ‘मृत्युदंड’मध्ये वाई बिहारात गेली. २००३ मध्ये कृष्णेच्या काठी बसून ‘गंगाजल’ काढण्यात आले, तेव्हाही मुक्काम बिहारातच होता. पुढच्याच वर्षी ‘स्वदेस’साठी वाईशेजारची मेणवली ही उत्तर प्रदेशातील चरणपूर झाली, २०१० मध्ये ‘दबंग’ने वाईचे लालगंज केले, आणि २०१३ च्या ‘चेन्नई एक्सप्रेस’मध्ये हीच वाई विंध्य आणि सातपुडा उलट ओलांडून, वाटेत स्वतःलाही मागे टाकून, थेट तमिळनाडूत उतरली. महसुली दप्तरात एखाद्या गटनंबरापुढे इतक्या फेरफार-नोंदी आढळल्या असत्या, तर तलाठ्यास तत्काळ निलंबित करून मामलेदाराकडून खुलासा मागविला गेला असता. वाईला दक्षिण काशी म्हणण्याचा प्रघात जुना आहे. पण आमच्या पूर्वजांनी जो अलंकार म्हणून वापरला तो चित्रपटवाल्यांनी पत्ता म्हणून वाचला, आणि त्यातलाही ‘दक्षिण’ हा शब्द हस्तदोष समजून गाळला, एवढाच काय तो घोटाळा.

मेणवलीच्या घाटावरची घंटा मुळात पोर्तुगीज. १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर ती इकडे आली असे सांगतात. चर्चमधून निघून मराठी देवळात रुजू झालेल्या या घंटेची उतारवयात उत्तर प्रदेशात बदली व्हावी, हे तिच्या नशिबी होते. त्याच चरणपुरात एक दिवा पेटला म्हणून सारा गाव हरखतो. ज्या सातारा जिल्ह्यातल्या कोयनेच्या पाण्यावर १९६० मेगावॅट क्षमतेची जनित्रे फिरतात, तिथल्या माणसांना एका दिव्यासाठी डोळ्यांत पाणी आणायला लावणे हा अन्याय आहे, असे मी लिहिणार होतो. पण त्या सुमाराचे भारनियमन आठवले आणि तो अभिनय नसावा अशी शंका येऊन थांबलो.

माझी खरी तक्रार निराळीच आहे. ती ‘ळ’ची आहे.

काही वर्षांपूर्वी वाईतल्या ढोल्या गणपतीच्या दर्शनास गेलो असता एका चित्रपटाची (नाव सांगत नाही, आणि सांगितले तरी तो कोणी पाहिलेला नाही) पूर्वतयारी चालू होती. घाटाकडे जाणाऱ्या बोळातल्या नारळाच्या दुकानावर ‘येथे नारळ मिळतील’ अशी पाटी होती आणि शिडीवर चढलेला एक रंगारी तिच्यातील ‘ळ’ तेवढे खरवडून काढीत होता. चौकशी केली तेव्हा कळले की, गाव उत्तरेकडचे ठरले असून तिकडे ‘ळ’ चालत नाही. बाकीची अक्षरे तिकडेही चालण्यासारखी असल्यामुळे ती तूर्त कायम ठेवून, मजकूर मागाहून दुरुस्त करावा, असा वरून हुकूम आहे. एवढे सांगून दोन्ही ‘ळ’ उतरवल्यावर तो रंगारी चहाला गेला, आणि तो परत येईपर्यंतचा अर्धा तास, भर देवळाच्या वाटेवर, एका सत्तरी उलटलेल्या विधुर दुकानदाराच्या डोक्यावर ‘येथे नार मि तील’ ही पाटी झळकत राहिली. दर्शनाला निघालेली कुटुंबे ती वाचून वेग वाढवीत होती. एका गृहस्थांनी मात्र तो कमी केला, तेव्हा त्यांच्या पत्नीने त्यांना दंड धरून पुढे नेले. कामगारास नारळ देणे हा वाक्प्रचार आपल्याकडे गिरणीच्या फाटकापासून मंत्रालयापर्यंत रूढ आहे. परंतु खुद्द नारळातल्याच अक्षराला नारळ मिळाल्याचे, आणि तोही कोणतीही पूर्वसूचना वा उपदान न देता, हे माझ्या पाहण्यातले पहिलेच उदाहरण. मग शेजारच्या किराणा दुकानातील डाळ गेली, पलीकडची केळी गेली, फळवाल्याची फळे गेली. तांदूळ वाचला तो त्याचे पोते पाटीआड झाकले गेल्यामुळे. १७६२ मध्ये हे देऊळ बांधताना कृष्णेच्या पुराचा लोंढा दुभंगावा म्हणून त्याची मागील भिंत मत्स्याकार केली. भिंत अजून शाबूत आहे, पण रंगाऱ्याची पत्र्याची पट्टी आली ती पुढच्या बाजूने.

बरे, वाई तमिळनाडूत गेली तेव्हा तरी या अक्षराचे दिवस पालटायला हवे होते. कारण त्या भाषेत ‘ळ’ला मानाचे पान आहे, इतके की भाषेच्या नावातच आपण त्याला बसवतो. पण पाट्याच तमिळ लिपीत! म्हणजे उत्तरेस गेलो तर अक्षर जाते आणि दक्षिणेस गेलो तर बाराखडीच.

आणि हे कोणत्या गावात? जिथे मराठी विश्वकोशाचे जाडजूड खंड सिद्ध झाले, त्या गावात! जगातील यच्चयावत ज्ञान मराठीत आणण्यासाठी जिथे माणसांनी उभी हयात खिळ्याला खिळा जुळवीत घालवली, तिथेच पाचशे रुपये रोजाच्या रंगाऱ्याने भाषेचे एक अख्खे अक्षर दुपारच्या चहाआधी उतरवावे आणि गावाने शूटिंग पाहायला मिळते म्हणून पोरांना शाळेतून घरी आणावे, याचा मला संताप येतो. नदी आमची, घाट आमचा, ऊन आमचे, गर्दीत उभी केलेली माणसेही आमचीच. पण तोंड उघडण्याची वेळ आली की मराठी माणसाला काम कोणते, तर हवालदाराचे किंवा मोलकरणीचे, आणि तेही मुंबईत. वाईत तर त्याला तेवढेही नाही, कारण तिथला हवालदारसुद्धा परप्रांतातला असतो.

परवा पुन्हा गेलो होतो. नारळाच्या दुकानावरची मागाहून दुरुस्त केलेली पाटी अजून ‘नारियल’ अशीच आहे. म्हाताऱ्याला म्हटले, आता मूळची पाटी का लिहून घेत नाही?

“काका, पुसायचे पैसे कंपनीनं दिले,” तो नारळ सोलता सोलता म्हणाला, “लिहायचे कोण देणार? आन् पुढच्या महिन्यात दुसरं शूटिंग येतंय. कुठला मुलूख ठरतोय ते कळू द्या, मग बघू.”